दोन शब्द कुठे गेले?

नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. सकाळचा (त्यांचा सकाळचा, आमचा दुपारचा) कॉल सुरू व्हायच्या आधी क्राकोवचे आमचे दोन सहकारी पोलिशमध्ये तावातावाने भांडत होते. इतक्या शांत माणसांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. म्हटलं, काय झालं बाबांनो, प्रॉडक्शन पडलं की काय? एक म्हणाला, "काही नाही, रिविन प्रकरणात ज्याचं नाव आलं त्याला आम्ही संसदेचा सभापती केलंय." दुसरा लगेच म्हणाला, "नाव आलं म्हणजे काय? कोणत्या कोर्टाने त्याला दोषी ठरवलं ते सांग." मग मॅनेजर कॉलवर आला, सगळे गप्प झाले आणि तिकिटं इकडून तिकडे सरकवायचं आमचं रोजचं काम सुरू झालं.

पण ते भांडण डोक्यातून जाईना. विकांताला बसून जेवढं सापडलं तेवढं वाचून काढलं. आणि मंडळी, माझं मत असं झालंय की ते दोघेही चुकीच्या प्रश्नावर भांडत होते. का, ते सांगतो. थोडी स्टोरी सांगावी लागेल, धीर धरा.

सभापती झाले त्यांचं नाव व्लोजिमिएझ चाझास्ती. पोलंडच्या डाव्या पक्षाचे जुने नेते. पण २००० ते २००५ या काळात ते तिथल्या राष्ट्रीय प्रसारण परिषदेचे सदस्य आणि सचिव होते. सचिव म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर फायली सांभाळणारा माणूस येतो, तसं नाही. ही परिषद तिथल्या राज्यघटनेतच नमूद केलेली आहे. टीव्ही आणि रेडिओचे परवाने ती देते, सरकारी वाहिनीवर नेमणुका करण्यात तेव्हा तिचा हात असे, आणि सचिव हा त्या परिषदेतला वजनदार माणूस. तेव्हा परिषदेत नऊ सदस्य असत. चार सेयमने निवडलेले (सेयम म्हणजे त्यांची लोकसभा), दोन सिनेटने, तीन राष्ट्राध्यक्षांनी. कागदावर पाहिलं तर काय सुंदर समतोल! प्रत्यक्षात नऊ खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीला मागून कुठल्या ना कुठल्या पक्षाचा हात.

२००२ मध्ये लेशेक मिलर यांचं डावं सरकार प्रसारण कायद्यात दुरुस्ती आणत होतं. त्यातलं एक कलम भांडणाचं मूळ होतं: ज्याच्याकडे देशभर खपणारं वर्तमानपत्र आहे त्याला देशभर दिसणारी टीव्ही वाहिनी घेता येणार नाही. ऐकायला चांगलंच आहे, सगळी माध्यमं एकाच्या घशात जाऊ नयेत. पण त्या वेळी 'गाझेता विबोर्चा' हे मोठं दैनिक चालवणारी आगोरा नावाची कंपनी 'पोलसात' ही खासगी वाहिनी विकत घेऊ पाहत होती. म्हणजे कायदा सगळ्यांसाठी आणि नेम एकावर, असं निदान आगोराला तरी वाटत होतं.

आता एंट्री होते लेव्ह रिविन यांची. हा माणूस सिनेमाचा निर्माता. 'शिंडलर्स लिस्ट'च्या निर्मितीत त्याचा हात होता, 'द पियानिस्ट'चा तो सहनिर्माता. २२ जुलै २००२ ला तो 'गाझेता विबोर्चा'चे संपादक आदाम मिखनिक यांच्या केबिनमध्ये गेला. हे मिखनिक म्हणजे कम्युनिस्ट राजवटीत तुरुंग भोगलेले, देशात प्रचंड दबदबा असलेले गृहस्थ. रिविनचं म्हणणं थोडक्यात असं: कायदा तुम्हाला हवा तसा होईल, पोलसात तुम्हाला घेता येईल, त्या बदल्यात १ कोटी ७५ लाख डॉलर द्या, पोलसातच्या प्रमुखपदी मला बसवा आणि तुमच्या पेपरने सरकारवर हल्ले करू नयेत. आपण कोणाच्या वतीने बोलतोय हे सांगताना त्याने शब्द वापरले ते "सत्ता हातात असलेल्या लोकांचा गट" अशा अर्थाचे. पंतप्रधानांचंही नाव घेतलं. (मिलर यांनी याचा कायम इन्कार केला.) त्याला हे माहीत नव्हतं की मिखनिक यांनी संभाषण टेप करायची व्यवस्था करून ठेवली आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी पंतप्रधानांच्या कार्यालयात रिविन, मिखनिक आणि मिलर समोरासमोर आले. म्हणजे देशाच्या पंतप्रधानाला जुलैमध्ये कळलं की त्याच्या नावाने कोणीतरी कायदा विकतोय. पुढे काय झालं असेल? काहीच नाही! पंतप्रधानांनी सरकारी वकिलांना कळवलं नाही. मिखनिक यांनी छापलं नाही. बातमी छापून आली २७ डिसेंबर २००२ ला, पाच महिन्यांनी. मिखनिक यांनी नंतर कारणं दिली की आम्ही आमचा तपास करत होतो, शिवाय डिसेंबरात कोपनहेगनला पोलंडच्या युरोपीय संघातल्या प्रवेशाचा निर्णय व्हायचा होता, तो बिघडू नये असं वाटलं. कारण मोठं आहे, मान्य. पण ज्या कायद्यात तुमच्या कंपनीचा कोट्यवधींचा स्वार्थ अडकलाय, त्या कायद्याच्या लाचखोरीची टेप तुम्ही पाच महिने ड्रॉवरमध्ये ठेवता, तेव्हा तुम्ही फक्त पत्रकार राहत नाही, त्या व्यवहारातला एक पक्षही होता. मिखनिक यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून हे म्हणतोय.

असो. इथपर्यंत ही नेहमीची लाचेची गोष्ट आहे. मला खरा धक्का पुढे बसला.

बातमी आल्यावर सेयमने चौकशी समिती नेमली. कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतरची पहिलीच. सुनावण्या टीव्हीवर लाइव्ह, लोक मालिका बघावी तसे बघायचे. रिविनला कोणी पाठवलं याचा शोध घेता घेता समितीच्या लक्षात आलं की कायद्याच्या मसुद्यातून वाटेत कुठेतरी दोन शब्द गळालेत. 'लुब चासोपिस्मा'. अर्थ अगदी साधा: 'किंवा नियतकालिकं'. मूळ मसुद्यात बंदी होती ती दैनिक किंवा नियतकालिकं काढणाऱ्यांवर. ते दोन शब्द उडाले की बंदी राहते फक्त दैनिकवाल्यावर आणि मासिकं-साप्ताहिकं काढणाऱ्यांना टीव्हीचं दार उघडं. दोन शब्द, आणि एका धंद्यातल्या खेळाडूंची अख्खी यादी बदलली!

आता तुम्ही माझ्यासारखेच दिवसभर कोडमध्ये डोकं घालून बसणारे असाल तर तुमच्या मनात पहिला प्रश्न तोच आला असेल जो माझ्या मनात आला: डिफ कुठाय?

खरंच सांगतो, मी हसलो. मसुदा परिषदेत तयार झाला, संस्कृती खात्यातून फिरला, मंत्रिमंडळाकडे गेला, तिथून सेयमकडे. एवढ्या प्रवासात कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून ते दोन शब्द काढले हे शोधायला खासदारांची समिती बसवावी लागली. अधिकाऱ्यांच्या साक्षी, फोनची बिलं, कोणाच्या कॉम्प्युटरवर कोणती आवृत्ती होती त्याची उलटतपासणी. शेवटी त्या दोन शब्दांवरून सरकारी माणसं आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. मागे आमच्या प्रोजेक्टमध्ये एका कॉन्फिग फाईलमधून एक ओळ उडाली आणि रात्री अकराला सगळं झोपलं. कोणी उडवली, कोणत्या कमिटमध्ये, कोणी रिव्ह्यू केला, हे कळायला तीन मिनिटं लागली. (ज्याने रिव्ह्यू केला तो मीच होतो, पण ते जाऊ दे.) एका कंपनीच्या बिलिंगच्या फाईलला जेवढी शिस्त आहे तेवढी चार कोटींच्या देशाच्या कायद्याच्या मसुद्याला नसावी?

"अरे, टायपिंगची चूक असेल" असं म्हणणारेही तेव्हा होतेच. असू शकते. चूक आणि लबाडी यांच्यातला फरक नुसता शब्दांकडे बघून कळत नाही, त्यासाठी इतिहास लागतो. इतिहास नसला की प्रत्येक लबाडीला चुकीचा आडोसा मिळतो आणि प्रत्येक चुकीवर लबाडीचा संशय येतो. प्रामाणिक अधिकाऱ्याचं नुकसान यात सगळ्यात जास्त, कारण "मी नाही केलं" हे सिद्ध करायला त्याच्याकडेही काही नसतं.

आणि इथेच चाझास्तींचा मुद्दा येतो.

चौकशीत जे चित्र बाहेर आलं ते असं. परिषदेचे सचिव चाझास्ती. सरकारी वाहिनीचे प्रमुख रोबेर्त क्फियात्कोव्स्की. कायदा हाताळणाऱ्या संस्कृती खात्याच्या उपमंत्री आलेक्सांद्रा याकुबोव्स्का. पंतप्रधानांच्या राजकीय कार्यालयाचे प्रमुख लेख निकोल्स्की. ही सगळी मंडळी एकाच राजकीय गोतावळ्यातली, एकमेकांना फोन करणारी. चाझास्ती आणि क्फियात्कोव्स्की तर जुन्या विद्यार्थी संघटनेपासूनच्या वर्तुळातले, त्यांच्या मंडळाला वॉर्सातल्या एका रस्त्यावरून 'ओर्दिनाच्का' असं नाव होतं. एकमेकांना ओळखणं गुन्हा नाही. कॉलेजचे मित्र माझेही चार कंपन्यांत आहेत. पण नियामक, ज्याचं नियमन करायचं ती सरकारी वाहिनी, कायदा लिहिणारं खातं आणि पंतप्रधानांचं कार्यालय हे चारही एकाच कट्ट्यावर बसणार असतील, तर नियामक वेगळा ठेवलाच कशाला? कुंपण आणि शेत वेगवेगळं असलं तर कुंपणाने शेत खाल्लं असं म्हणता येतं. इथे दोघांचा सातबारा एकच!

बरं, समितीने निकाल काय दिला? हा भाग नीट वाचा, कारण माझ्या दोन सहकाऱ्यांचं भांडण इथूनच आलंय.

एप्रिल २००४ मध्ये समितीने अहवाल मंजूर केला तो सत्ताधारी पक्षाच्या खासदार बाईंनी लिहिलेला. निष्कर्ष: रिविन एकटाच होता, त्याच्या मागे कोणी नाही. विरोधकांची मतं आपापल्या वेगवेगळ्या अहवालांत विभागली गेली आणि हा मधल्या मध्ये पास झाला. लोक चक्रावले. मग मे महिन्यात प्रकरण पूर्ण सभागृहात आलं आणि सेयमने मतदान करून तो बाजूला सारला, त्याच्या जागी निवडला झ्बिग्न्येव्ह झ्योब्रो या तरुण विरोधी खासदाराचा अहवाल. त्यात 'सत्ता हातात असलेल्या गटा'ची पाच नावं होती: मिलर, याकुबोव्स्का, निकोल्स्की, क्फियात्कोव्स्की आणि चाझास्ती.

म्हणजे बघा. एप्रिलमध्ये मागे कोणी नव्हतं. मे महिन्यात मागे पाच जण होते. मधल्या काळात नवीन टेप सापडली नव्हती, फक्त मोजणी बदलली होती. आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण तो गावच्या भांडणात ठीक आहे. कोणी लाच मागायला माणूस पाठवला ही गोष्ट घडलेली असते किंवा नसते. ती बहुमताने घडत नाही.

कोर्टात काय झालं? एप्रिल २००४ मध्ये खालच्या कोर्टाने रिविनला फसवणुकीच्या प्रयत्नाबद्दल अडीच वर्षं दिली, म्हणजे एकट्याने थाप मारली असा साधारण अर्थ. डिसेंबरमध्ये अपील कोर्टाने शिक्षा दोन वर्षांवर आणली, पण गुन्हा बदलला: तो दुसऱ्या कोणाच्या तरी वतीने वशिल्याचा सौदा करायला गेला होता. कोणाच्या वतीने? ते कोर्टाला ठरवता आलं नाही. निरोप्या सापडला, निरोप सापडला, पाठवणारा नाही. त्या गटात नक्की कोण होतं यावर कोणत्याही न्यायालयाने शिक्का मारला नाही. चाझास्तींनी पहिल्या दिवसापासून सगळं नाकारलं आणि त्यांच्यावर या प्रकरणात कुठेही दोष सिद्ध झालेला नाही.

तर मग माझा दुसरा सहकारी बरोबर? "कोर्टाने काही म्हटलं नाही ना, मग विषय संपला"?

नाही. आणि हाच मला या सगळ्यात सर्वात जास्त राग आणणारा युक्तिवाद आहे. कोर्टाने शिक्षा दिली नाही म्हणजे माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, बास. एवढाच त्याचा अर्थ. त्याने नियामकाची खुर्ची नीट सांभाळली का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कोर्ट देतच नाही. बँकेच्या कॅशियरने चोरी केली नाही एवढ्यावर आपण त्याला चांगला कॅशियर म्हणत नाही. रोजची रोकड जुळली पाहिजे, तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे होत्या याची नोंद पाहिजे. चाझास्तींच्या बाबतीत लाचेचा पुरावा नाही हे मान्य करूनही हे उरतंच की ज्या कायद्याने परवाने कोणाला मिळणार हे ठरणार होतं, तो कायदा परिषदेचा सचिव स्वतःच्या पक्षाच्या सरकारबरोबर मिळून घडवत होता, आणि बाहेरच्या कोणाला त्या प्रवासाचा माग लागत नव्हता. आमच्याकडे नव्या पोरालाही पहिल्या आठवड्यात सांगतात, स्वतःचा कोड स्वतः मर्ज करायचा नाही. तू चोर आहेस म्हणून नव्हे. उद्या काही बिघडलं तर तुझ्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून.

पण पहिला सहकारीही बरोबर नाही. ज्या सभागृहाने पाच नावं मतदानाने ठरवली, त्या यादीला पुरावा म्हणायचं? तो अहवाल पटला म्हणून नव्हे, तर मे २००४ पर्यंत सरकार बुडत होतं म्हणून पास झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. मिलर यांनी २ मे ला राजीनामा दिला होता, पोलंड युरोपीय संघात गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी. २००१ च्या निवडणुकीत ४१ टक्के मतं घेणारी डावी आघाडी २००५ मध्ये ११ टक्क्यांवर आली. तेव्हा ती यादी म्हणजे बुडत्या जहाजावरचा पंचनामा. तिने एका माणसाला वीस वर्षं ना दोषी ठरवलं, ना मोकळं केलं. त्याच्या राजकीय आयुष्यातल्या प्रत्येक पायरीवर, २०१६ मध्ये पक्षाचा नेता झाला तेव्हा, २०१९ मध्ये खासदार आणि उपसभापती झाला तेव्हा आणि आता सभापती झाला तेव्हा, तेच दोन गट तीच दोन वाक्यं बोलतात. तो दोषी असेल तर सुटला, निर्दोष असेल तर डाग घेऊन जगला. यातलं काय खरं हे कळायची वाट २००४ मध्येच बंद झाली.

आणि ज्यांनी साफसफाईच्या नावाने मतं घेतली त्यांनी काय केलं? २००५ मध्ये झ्योब्रोंचा पक्ष सत्तेवर आला, झ्योब्रो स्वतः न्यायमंत्री झाले. डिसेंबर २००५ मध्ये प्रसारण परिषदेचा कायदा बदलला: नवाचे पाच सदस्य, जुने घरी, नवे आपले. पुढच्याच महिन्यात अध्यक्षपदी सत्ताधारी पक्षाच्याच राजकारणी बाई. मसुद्यांचा माग ठेवायची व्यवस्था, नियामकाच्या नेमणुकीतून पक्षांना बाहेर काढणं, असल्या कंटाळवाण्या कामात कोणालाच रस नव्हता. बग तसाच ठेवला, फक्त लॉगिन बदललं.

तोच बग वीस वर्षांनी पुन्हा दिसला. जुलै २०२५ मध्ये त्याच परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष माचेय श्विर्स्की यांना राज्य न्यायाधिकरणापुढे उभं करायचा ठराव सेयमने केला. सरकारी माध्यमांचा निधी अडवून धरल्याचा आरोप त्यात होता. ते म्हणाले हा राजकीय सूड आहे. ते आधीच्या सरकारच्या काळात आलेले, ठराव करणारे नव्या सरकारचे. आरोप खरा असू शकतो आणि सूडही खरा असू शकतो. एकाने दुसरा खोटा ठरत नाही. पण निम्मा देश एक अर्धं बघणार आणि निम्मा दुसरं.

मागच्या आठवड्यात हे सगळं मी त्या दोघांना सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या पोलिश उच्चारांसह. पहिला, जो चिडलेला होता, तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "तुला एक गोष्ट माहीत आहे का? चाझास्ती सभापती झाले त्याच महिन्यात सेयमने झ्योब्रोंचं खासदारकीचं संरक्षण काढून घेतलं." मला ते माहीत होतं, आदल्याच रात्री वाचलं होतं. गुन्ह्यातल्या पीडितांसाठी असलेल्या निधीचा गैरवापर केल्याचे आरोप, तेही सगळं नाकारतात. ज्याने पाच नावांची यादी लिहिली तो आरोपांच्या रांगेत आणि यादीतलं पाचवं नाव सभापतीच्या खुर्चीत, एकाच सभागृहात, एकाच महिन्यात.

दुसरा हसायला लागला. "म्हणजे मी बरोबर होतो ना?" म्हणाला.

मी म्हटलं, तू आधी त्या दोन शब्दांचं कमिट दाखव, मग बोलू.